शेकोटी पेटवली आणि काकू गॅलरीत आल्या

डिसेंबरात नाशिकला रात्री अंगणात बसायचं म्हणजे शेकोटी हवीच, तिकडे निफाडला तर द्राक्षवाले थंडीपासून घड वाचवायला बागेत रात्रभर शेकोट्या पेटवतात, मग आम्ही घमेल्यात चार लाकडं जाळली तर काय बिघडलं असं मला वाटायचं. परवा इंदिरानगरला घरामागे पेटवली, निखाऱ्यात रताळी खुपसली, आणि भावाने हुशारी करून वर ओला पाला आणि एक दुधाची पिशवी टाकली. झालं! काळा, उग्र धूर थेट शेजारच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरींवर. काकू वरून ओरडल्या, "अरे, कचरा जाळताय का रे?"

प्रामाणिकपणे सांगायचं तर हो, जाळतच होतो 😅

मग नियम शोधले. २०१६ मध्ये आलेल्या घनकचरा नियमांत रस्त्यावर किंवा मोकळ्या सार्वजनिक जागेत कचरा जाळायला मनाई केली होती, आणि त्याच वर्षी पर्यावरणाचे खटले चालवणाऱ्या राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्याला २५,००० रुपये दंड सांगितला. शिवाय निष्काळजीपणे आग लावून कुणाच्या जिवाला धोका केला तर भारतीय न्याय संहितेचं कलम २८७ आहेच, म्हणजे सहा महिन्यांपर्यंत कैद. स्वतःच्या अंगणातली सुक्या लाकडांची छोटी शेकोटी वेगळी, पण प्लास्टिक पडलं की तो कचराच ना.

आता फक्त सुकी बाभूळ, शेजारी पाण्याची बादली. रताळी मात्र त्या दिवशीची अर्धी कच्चीच निघाली, काकूंनाही दोन दिली.