तुळशीपाशी

ऐरोलीच्या खाडीत फ्लेमिंगो टिपत मी दोन हिवाळे काढले होते. शटर सेकंदाच्या 1/2000 ला, पक्षी फोटोत गोठला, काम झालं. एक हुकला तर मागून दुसरा थवा असतोच. त्यामुळे कॅमेरा आपल्याला येतो असा माझा समज होता. तो नौपाड्यातल्या एका हॉलमध्ये सकाळी साडेनऊपर्यंत टिकला.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका दादांच्या हाताखाली मी दुसरा कॅमेरा म्हणून गेलो होतो. मोबदला म्हणजे जेवण आणि पेट्रोल. सीमांतपूजन चाललं होतं. सवयीने शटर 1/500 ला ठेवून मी चाळीसेक फोटो मारले आणि स्क्रीन पाहिली. नवरदेवाच्या फेट्यापासून उपरण्यापर्यंत काळपट आडवे पट्टे! कॅमेरा गेला म्हणून पोटात गोळा आला. दादांनी नुसती नजर टाकली.

"लाइट लुकलुकतात रे. शंभरावर ये."

आपली वीज 50 हर्ट्झची. त्यामुळे हलक्या प्रतीचे एलईडी सेकंदाला 100 वेळा मंद-प्रखर होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण वेगाने सरकणाऱ्या शटरच्या फटीतून ते थर फोटोत उतरतात. 1/100 ला एक अख्खी लुकलुक आत येते, पट्टे जातात. मात्र हात जरा हलला की फोटो हलतो. मग कोपरं बरगड्यांना टेकवायची, श्वास सोडता सोडता बटण दाबायचं. पक्ष्यांनी हे कधी करायला लावलं नव्हतं.

मुहूर्त 12 वाजून 7 मिनिटांचा. अंतरपाट धरला गेला, अक्षता वाटून झाल्या आणि दादा म्हणाले, "तू मुलीच्या आईकडे जा."

मला रागच आला. सगळी मजा स्टेजवर आणि मी कुठे? पण गेलो.

वधूपक्षाच्या खोलीत खिडकीपाशी तुळशीची कुंडी. काही घरांत मुलीची आई लग्न लागताना पाहत नाही, तुळशीला पाणी घालत बसते. काकू पाटावर एकट्याच. आजूबाजूला उघड्या बॅगा, गजऱ्यांचे पुडे. स्पीकरवरून मंगलाष्टकं ऐकू येत होती आणि प्रत्येक "सावधान"ला त्या पळीभर पाणी सोडत होत्या. अर्धा चेहरा उजेडात, हिरव्या चुड्याचा हात थरथरतोय. मी 50 एमएमची लेन्स लावून गुडघ्यावर बसलो. एका "सावधान"ला पळी तशीच हातात राहिली, पाणी पडलंच नाही. तो फोटो मिळाला.

बाहेर वाजंत्री कडाडली.

"लागलं का रे बाळा?"

"लागलं, काकू."

डोळे पुसून त्या म्हणाल्या, "दाखव बघू, कशी दिसत होती माझी मुलगी?"

माझ्याकडे मुलगी कुठली? मी त्यांचाच फोटो पुढे केला. स्टेजच्या पिवळ्या दिव्यांसाठी व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग जुळवणारी सेटिंग) 3200 केल्विनला ठेवलेला, तो खिडकीच्या उजेडात बदलायला विसरलो होतो.

"अगं बाई! मी एवढी निळी?" त्या हसल्या. रॉ फाइल आहे, घरी रंग सरळ करता येतो, वगैरे मी पुटपुटलो. तोवर त्या उठल्याही होत्या. "माझं राहू दे. तिचा दाखव."

मी दादांचा कॅमेरा मागायला स्टेजकडे पळालो.