कोकणकड्यावर ‘फिल्लम चालूय’

“जरा मागच्या अंगानं जावा, फिल्लम चालूय.”

त्या संध्याकाळी हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर हे वाक्य मी पन्नासेक वेळा तरी ऐकलं असेल. बोलणारे होते गडाच्या पायथ्याच्या पाचनई गावचे एक बाबा. सत्तरीच्या पुढचे, डोक्यावर टोपी, खांद्यावर घोंगडी, हातात काठी. माझ्या ट्रायपॉडपासून दोन हातांवर ते दीड तास उभे होते. उभं राहा असं मी त्यांना म्हटलेलं नव्हतं, आणि आमची ओळखही जेमतेम तासाभराची होती. हरिश्चंद्रगडावर आजवर ढिगानं लिहिलं गेलंय, त्यात माझी भर कशाला, असं वाटून मी गप्प बसलो होतो. पण या बाबांबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

टाइमलॅप्सचा, म्हणजे ठराविक वेळानं काढलेले फोटो जोडून पळता व्हिडिओ करण्याचा, नाद मला जुलैत लागला. नाशिकला घराच्या गच्चीवर फोन उभा करून ढग टिपले आणि वीस सेकंदांत अख्खी दुपार सरकताना पाहिली. त्या रात्री मी ती क्लिप किती वेळा पाहिली असेल, मोजदाद नाही. फोनचं एक बरं असतं, तो सगळं स्वतःच ठरवतो. पण तेच नडतं. ढग सूर्यावर आला की तो उजेड वाढवतो, ढग गेला की कमी करतो, आणि क्लिप बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी लुकलुकते. मग एका मित्राचा जुना डीएसएलआर मागून आणला, सोबतची १८-५५ची लेन्स, आणि ठराविक सेकंदांनी आपोआप क्लिक करणारा वायरवाला रिमोट. ढगांसाठी दर पाच सेकंदांनी एक फोटो. व्हिडिओत एका सेकंदाला पंचवीस फोटो लागतात, म्हणजे दहा सेकंदांच्या क्लिपला अडीचशे फोटो आणि जवळपास एकवीस मिनिटं एका जागी बसणं. हे गणित मी घरी वहीत मांडलं तेव्हा सोपं वाटलं होतं. कड्यावर वारा सुटलेला असताना, मागे शंभर माणसं असताना ती एकवीस मिनिटं किती लांब होतात, ते वहीत मांडता येत नाही.

सप्टेंबरअखेरच्या शनिवारी पहाटे निघालो. नाशिकहून मुंबई रस्त्याला लागलं की डाव्या हाताला पांडवलेण्यांचा डोंगर येतो आणि त्याच्या पायथ्याशी फाळके स्मारक. शाळेच्या सहलीत आम्ही तिथे डबे खाल्ले होते, एवढीच माझी आठवण. या वेळी मात्र गाडीचा वेग आपोआप कमी झाला. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली, ‘राजा हरिश्चंद्र’च्याही आधी, एक छोटी फिल्म केली होती, ‘अंकुराची वाढ’. कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा लावला, आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं टिपत राहिले. पडद्यावर बघता बघता दाण्यातून कोंब आला आणि त्याचा वेल झाला. ती फिल्म पाहून पुढच्या मोठ्या चित्रपटासाठी पैसे मिळाले, आणि ३ मे १९१३ला ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरमध्ये लागला. म्हणजे आपल्याकडच्या सिनेमाचं भांडवल एका वाटाण्याच्या टाइमलॅप्सवर उभं राहिलं. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या माणसाचं हे काम, आणि मी उभा जन्म नाशकात काढून हे यंदाच्या पावसाळ्यात वाचलं. शाळेत आम्हाला त्यांची जन्मतारीख पाठ करायला लावली, वाटाण्याबद्दल कुणी सांगितलं नाही. मला त्याचं खरंच वाईट वाटतं.

घोटी, बारी, राजूर. राजूरला पेढे घेतले. पाचनईहून वर चढायला अडीच तास लागले, बाजूनं सोनकी अशी फुलली होती की वाट पिवळी दिसत होती. मंदिर, केदारेश्वराच्या गुहेतलं गार पाणी, चारांपैकी उरलेला एकच खांब, सगळं पाहिलं, पण माझं चित्त कड्यावर होतं.

चारच्या सुमारास कड्यावर पोचलो आणि आधी गर्दीच दिसली. एक ग्रुप स्पीकर लावून बसला होता. गडावर माणसांनी यावं, खूप यावं, या मताचा मी आहे. पण स्पीकर कशासाठी? कोकणकड्यावर वाऱ्याचा एक घुमणारा आवाज असतो, दरीतून वर येणारा, आणि तो ऐकायला दुसरी जागा नाही. तो आवाज त्या दिवशी मला मिळाला नाही. याचा राग अजून गेलेला नाही.

कड्यापासून सुरक्षित अंतरावर ट्रायपॉड लावला. कॅमेरा मॅन्युअलवर, रंगांची छटा ठरवणारा व्हाइट बॅलन्स एका जागी बांधलेला, फोकस हातानं लावून ऑटोफोकस बंद, लेन्समधलं स्टॅबिलायझेशनही बंद. हे सगळं बरोबर केलं. पण ट्रायपॉडच्या मधल्या दांड्याला बॅग लटकवून त्याला वजन द्यायला हवं होतं, ते केलं नाही. बॅगेतून सारखं काहीतरी काढावं लागत होतं म्हणून ती बाजूला ठेवली. चारशे बारावा फोटो पडला आणि सेल्फी घेत मागे मागे येणाऱ्या एका मुलाचा पाय ट्रायपॉडला लागला. तो “सॉरी दादा” म्हणाला आणि गेला. त्याची तरी काय चूक? त्याला ती नुसती उभी करून ठेवलेली वस्तू दिसली. पण फ्रेम हलली ती हललीच. चौतीस मिनिटं बसून हाती साडेसोळा सेकंद, आणि ढग खऱ्या अर्थानं वर यायला तर अजून सुरुवातही झाली नव्हती. मी खाली दगडावर बसलो. डोळ्यांत पाणी आलं होतं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

बाबा तेव्हा आले. त्यांच्या सुनेनं पलीकडे ताडपत्रीखाली लिंबू सरबत मांडलं होतं. एक ग्लास माझ्या हातात देऊन म्हणाले, “दादा, मघापासून पाह्यतोय, हे आपल्या आपण टिकटिक करतंय. काय मोजतंय का?”

मी सांगितलं. दर पाच सेकंदांनी एक फोटो, मग सगळे जोडून त्याचा सिनेमा. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग दरीकडे बघत म्हणाले, “मंग तुम्ही तोंड चुकीच्या बाजूला केलंय. ऊन कललं की धुकं आधी त्या डावीकडच्या घळीतून चढतं. इकडं मागनं येतं. अर्धा तास थांबा, आन् तिकडं फिरवून ठेवा.”

मी उजवीकडे सूर्य धरून बसलो होतो, कारण इंटरनेटवरचे सगळे फोटो तसेच असतात. कॅमेरा फिरवला, सूर्य फ्रेमच्या अगदी कडेला गेला. या वेळी बॅग लटकवली. सव्वापाचला पुन्हा पहिला क्लिक. आणि बाबा काठी टेकून ट्रायपॉडच्या पुढच्या बाजूला उभे राहिले ते राहिलेच. कुणी जवळ आलं की काठी आडवी करायची आणि तेच वाक्य. आवाज चढवणं नाही, चिडणं नाही. स्पीकरवाली मुलंसुद्धा मागून वळसा घालून गेली. दोन मुली तर थांबून विचारायला लागल्या, तेव्हा बाबांनीच त्यांना समजावून दिलं, “पाच मोजायचं की एक फोटू, पाच मोजायचं की एक फोटू.”

पावणेसहाला घळीतून धुक्याची पहिली जीभ वर आली. बाबांनी दाखवलं होतं बरोबर तिथूनच.

सूर्यास्त टिपताना एक कसरत असते. उजेड उतरत जातो, आणि सेटिंग तेच ठेवलं तर क्लिप अंधारात बुडते. म्हणून दोन क्लिकांच्या मधल्या पाच सेकंदांत, कॅमेरा हलू न देता, शटर एकेक टप्पा सैल करत न्यायचं, म्हणजे ते दर वेळी जरा जास्त वेळ उघडं राहतं. सेकंदाच्या एक-दोनशेपन्नासांशापासून एक-अष्टमांशापर्यंत असे पंधरा टप्पे मी गेलो. प्रत्येक वेळी श्वास रोखून. सहाव्या-सातव्या वेळेनंतर बाबाही श्वास रोखायला लागले होते, मला ऐकू येत होतं.

पावणेसातला थांबवलं. एक हजार ऐंशी फोटो. गर्दी पांगली होती, सून सरबताचे ग्लास धुऊन निघाली होती. मी कॅमेरा ट्रायपॉडवरून काढून बाबांच्या हातात दिला, पहिला फोटो स्क्रीनवर आणला आणि मागची चकती कशी फिरवायची ते दाखवलं. त्यांचा अंगठा जाड, कामानं चिरा पडलेला, नखाखाली माती. चकती बारीक. आधी एकच दात फिरला, एकच फोटो पुढे गेला. “हे तर तेच हाय,” म्हणाले. मग अंगठा चालायला लागला.

घळीतून धुकं उठलं, कड्याच्या काठाशी आलं, काठावरून आमच्या बाजूला ओसंडलं आणि पठारावर येताच विरून गेलं. पुन्हा खालून नवं. आम्ही दीड तास समोर उभे होतो, तेव्हा काठावर धुक्याचा एकच पट्टा जागच्या जागी थांबलाय असं दिसत होतं. तो थांबलेला नव्हताच. पश्चिमेकडून येणारी दमट हवा कड्याला आपटून वर चढते, वर गार होते, तिथे तिचं धुकं होतं, आणि अलीकडे उतरताना पुन्हा हवा होऊन जाते. दर क्षणी नवं धुकं, जागा तीच. पुस्तकात हे मी वाचलं होतं, डोळ्यांनी पहिल्यांदा पाहिलं, तेही एका म्हाताऱ्या अंगठ्याखाली.

मग बाबांनी चकती उलटी फिरवली. धुकं काठावरून मागे सरलं, घळीत उतरलं, दरीत गेलं. सूर्य वर आला. त्यांनी ते पुन्हा पुढे नेलं, पुन्हा मागे आणलं. किती वेळा, मी मोजलं नाही. अंधार पडला होता आणि स्क्रीनचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता. बऱ्याच वेळानं म्हणाले, “साठ वर्सं झाली मी हितं येतोय. हे असं चालतं व्हय!”

रात्री त्यांच्याच झापात, म्हणजे झोपडीत, उतरलो. पिठलं, नाचणीची भाकरी, वर ठेचा. पैसे घेतले ते फक्त जेवणाचे. ‘उभं राहायचे’ म्हणून मी वेगळे पुढे केले, तर त्यांनी माझा हात मागे सारला. शहरात मोठ्या रकमा मोजून ज्या हॉटेलांत आपण राहतो, तिथल्या कुणाला माझ्या एका फोटोची अशी काळजी वाटल्याचं मला आठवत नाही.

सर्वपित्री दोन दिवसांवर होती, म्हणजे चंद्राचा त्रास नव्हता. आकाशगंगेचा प्रयत्न केला. अठरा सेकंदांचा एकेक फोटो, त्याहून जास्त ठेवला तर चांदण्या रेघांसारख्या ताणतात. एकशे चाळीस फोटो उत्तम आले आणि मग लेन्सवर दव बसलं. पुढचे सगळे पांढरे. लेन्सला ऊब मिळेल असं काहीतरी बांधायला हवं होतं, हे मी आधी वाचलेलं होतं, आणि तरीही ‘सप्टेंबरात कुठलं एवढं दव’ म्हणत नाशिकहून निघालो होतो.

जेवताना मी बाबांना वाटाण्याची गोष्ट सांगितली. फाळके आपल्या त्र्यंबकचे, हे ऐकून ते खूश झाले. मग थोडा वेळ चुलीकडे बघत बसले आणि म्हणाले, “ढगांचं काय, ढग पळतात हे पोरालाबी ठाऊक असतं. भाताचं दाखवा. आवणीपासून सोंगणीपर्यंत मी रोज बांधावर असतो, पण भात वाढताना कधी दिसला नाही. रात्रीचाच वाढत असंल.”

यंदाची आवणी, म्हणजे भाताची लावणी, तर कधीच होऊन गेली होती. पण सोंगणीला, म्हणजे कापणीला, अजून महिना होता. सकाळी खाली उतरताना आम्ही त्यांच्या वावरात गेलो. बाबा, त्यांचा अकरावीतला नातू आणि मी. बांधावरचा एक सपाट दगड ठरवला. रोज सकाळी सातला नातवानं त्याच दगडावर फोन आडवा टेकवायचा आणि एकच फोटो काढायचा. ऊन असो, नसो. फोन दररोज तसूभरही इकडेतिकडे होऊ नये म्हणून समोर काहीतरी खूण हवी होती, फ्रेमच्या उजव्या कडेला धरता येईल अशी. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हातातली काठीच बांधात रोवली. “आता काठीशिवाय फिरणार?” मी विचारलं. म्हणाले, “दुसरी तोडीन.”

गावात नेटवर्क नाही. नातू राजूरला कॉलेजात गेला की तीन-चार दिवसांचे फोटो एकदम येतात. परवा एकोणिसावा आला. लोंब्या वाकल्यात, हिरवा रंग उतरून पिवळा चढू लागलाय, आणि उजव्या कडेला काठी आहे, पहिल्या दिवशी होती तिथेच. सतराव्या फोटोत काठीवर एक वेडा राघू बसलाय.