पुणे ते पणजी आंबोलीमार्गे: गाडीचे स्पीकर आणि हेल्मेटमधील हेडसेट रस्त्यावर कसे जुळवले

गणपती विसर्जनानंतरच्या आठवड्यात मी, माझी पत्नी आणि माझा भाचा असे तिघे जण दोन मोटारसायकलींवरून निपाणी, आजरा, आंबोली आणि सावंतवाडी या मार्गाने पुण्याहून पणजीला गेलो. अंतर सुमारे साडेचारशे किलोमीटर आहे. या रस्त्याचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून त्यात मी फार शिरत नाही. मला सांगायचे आहे ते गाडीवरच्या आवाजाविषयी, कारण या प्रवासात आमचा सर्वाधिक वेळ त्यातच गेला आणि ती माहिती कुणी आधी सांगितली असती तर पहिला अर्धा दिवस सुखाचा झाला असता.

माझी गाडी लांब पल्ल्यासाठी बनवलेली आहे. मी ती वापरलेली घेतली. तिच्या फेअरिंगमध्ये, म्हणजे पुढच्या वारा अडवणाऱ्या आवरणात, दोन आणि मागच्या पाठटेकणाच्या दोन्ही बाजूंना दोन असे चार स्पीकर आहेत. शिवाय माझ्या आणि पत्नीच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ हेडसेट आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री सोसायटीच्या पार्किंगमध्ये, इंजिन बंद ठेवून, तासभर बसून मी हे सगळे जुळवले होते आणि तेथे ते उत्तम वाजत होते. रस्त्यावर त्यातले जवळजवळ एकही सेटिंग टिकले नाही.

कात्रजचा नवा बोगदा ओलांडून वेग धरताच स्पीकरमधून एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. ॲक्सिलरेटर पिळला की ती चढत असे आणि सोडला की उतरत असे. खंबाटकी घाटानंतर न्याहारीला थांबलो तेव्हा इंजिन चालू ठेवून मी एकेक वायर काढून पाहिली. फोन जुन्या पद्धतीच्या ऑडिओ वायरने गाडीला जोडलेला होता आणि त्याच वेळी गाडीच्याच यूएसबीवर चार्जही होत होता. चार्जिंगची वायर उपसताच शिट्टी थांबली, पुन्हा जोडताच सुरू झाली. फोनची जमीन, म्हणजे अर्थिंग, अशा वेळी दोन वाटांनी गाडीला जोडली जाते आणि अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर वीज तयार करणाऱ्या यंत्राचा, विद्युत गोंगाट त्या वेढ्यातून स्पीकरमध्ये उतरतो. उपाय सोपा आहे. फोन पॉवर बँकेवर चार्ज करावा, किंवा ऑडिओ वायरच्या मध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची छोटी डबी लावावी, किंवा ऑडिओ ब्लूटूथनेच द्यावा. गॅरेजमध्ये स्पीकर बदलण्याचा सल्ला मिळाला तर तो मानण्यापूर्वी वायर उपसून पाहण्याची ही परीक्षा जरूर करावी.

दुसरा घोळ पेअरिंगचा, म्हणजे ब्लूटूथ जोडणीचा, होता. माझा फोन गाडीच्या डिस्प्लेला आणि हेडसेटला अशा दोन्हींना जोडलेला होता. परिणामी गाणी हेल्मेटमध्ये वाजत, तर वळणाची सूचना गाडीच्या स्पीकरमधून, तीही वाऱ्यात विरून जाणारी. ब्लूटूथमध्ये संगीताची वाट वेगळी आणि बोलण्याची वाट वेगळी असते, आणि दोन यंत्रे एकाच फोनवर हक्क सांगू लागली की कोणती वाट कोणाकडे जाईल याचा भरवसा राहत नाही. म्हणून एका फोनचा आवाज एकाच ठिकाणी जाईल असे ठरवून घ्यावे. आम्ही साताऱ्याला गाडीच्या यादीतून फोन काढून टाकला, तो फक्त माझ्या हेडसेटला ठेवला आणि गाडीच्या स्पीकरना रेडिओपुरते मोकळे सोडले. नकाशाच्या ॲपमध्ये चाचणीचा आवाज ऐकवण्याची सोय असते. निघण्यापूर्वी ती एकदा दाबून सूचना नेमकी कोठून ऐकू येते हे पाहावे.

साताऱ्यापुढे सहापदरीकरणाच्या कामामुळे ठिकठिकाणी वळणरस्ते होते आणि तेथे वेग कमी असल्यामुळे सगळे ठीक ऐकू येत होते. मोकळा रस्ता लागताच पत्नी म्हणाली, "अहो, तुमचं बोलणं विहिरीतून आल्यासारखं येतंय." कराडला चहासाठी थांबलो आणि तिच्या हेल्मेटचे अस्तर उघडले. हेल्मेटमधला स्पीकर जेमतेम रुपयाच्या दोन नाण्यांएवढा असतो. तो अस्तरामागच्या खोबणीत चिकटवलेला होता, पण खोबण तिच्या कानाच्या मागे, जवळजवळ पाऊण बोट दूर पडत होती. मी गाणे चालू ठेवून तिला हेल्मेट घालायला सांगितले आणि दोन बोटांनी स्पीकर थोडाथोडा पुढे सरकवत गेलो. एका जागी येताच ती एकदम म्हणाली, "इथे, इथेच थांबा." तेथेच वेल्क्रो चिकटवला, मागे फोमची एक जादा चकती घालून स्पीकर कानाच्या जवळ आणला, पण कानाला टेकू दिला नाही, कारण टेकलेला स्पीकर तासाभरात कान दुखवतो. त्यानंतर तिला आवाज दोन पायऱ्या बारीक करावा लागला. हेडसेट बदलण्याचा विचार करणाऱ्यांनी आधी ही पाच मिनिटांची खटपट करावी. महागड्या हेडसेटचा स्पीकरही चुकीच्या जागी बसवला तर पातळच वाजतो.

आता मुख्य गोष्ट. ताशी ८० ते १०० किलोमीटर वेगाला हेल्मेटच्या आत नुसत्या वाऱ्याचा आवाज ९० ते १०० डेसिबलच्या घरात जाऊ शकतो. अमेरिकेतील नायॉश या, कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या, संस्थेची शिफारस अशी आहे की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त ऐकू नये आणि पुढे दर ३ डेसिबलला ही वेळ निम्मी करावी. त्या हिशेबाने १०० डेसिबलला केवळ १५ मिनिटे उरतात. वाऱ्यावर मात करण्यासाठी आपण गाण्याचा आवाज वाढवतो तेव्हा या ओझ्यात भरच घालत असतो. पूर्वी प्रत्येक मोठ्या प्रवासानंतर रात्री माझे कान भणभणत असत आणि तो थकवा आहे असे मी समजत असे. तो थकवा नव्हता, कानाला झालेली इजा होती, हे मला कानांच्या डॉक्टरांनी सांगितले.

म्हणून आधी वारा कमी करावा. विंडस्क्रीन इतकी वर घ्यावी की वारा हेल्मेटच्या माथ्यावरून जाईल. ती फार वर घेतली तर मागे भोवरे तयार होऊन हेल्मेट हलू लागते, तेव्हा चालत्या गाडीवर एकेक टप्पा बदलून पाहावे. त्यानंतर फोमचे इअरप्लग घालावेत. इअरप्लग घालून हेडसेट ऐकू कसा येणार, ही शंका मलाही होती. प्रत्यक्षात प्लग वाऱ्याची घरघर आणि स्पीकरचा आवाज दोन्ही खाली आणतो, आणि एकूण गलका उतरल्यामुळे शब्द अधिक स्वच्छ कळतात. कोल्हापूरच्या अलीकडे मी भाच्याला मागून हॉर्न वाजवायला सांगून तपासले. हॉर्न व्यवस्थित ऐकू आला.

मग टोन. बास वाढवण्याचा मोह सर्वांना होतो, परंतु वाऱ्याचा आवाज मुळात खालच्या पट्टीचा असल्यामुळे बास त्याच्यातच बुडतो आणि छोटा स्पीकर मात्र फाटू लागतो. मी बास कमी केला, मधली पट्टी दोन घरे वर घेतली आणि बोलणे लगेच उठून दिसू लागले. फोनचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवून हेडसेटचा कमी ठेवावा, उलट केल्यास खरखर वाढते. वेगानुसार आवाज आपोआप कमीजास्त करण्याची सोय माझ्या गाडीत आहे आणि हेडसेटमध्येही आहे. गाडीचा रेडिओ हेडसेटवर घेतला तेव्हा दोन्ही सोयी चालू असल्यामुळे टोलनाक्याजवळ वेग कमी होताच आवाज तळाला जाई आणि पुढे अचानक कानात ओरडे. एकच ठेवा, दुसरी बंद करा. मी गाडीची बंद केली.

भाच्याचा हेडसेट वेगळ्या कंपनीचा आहे. आमचे दोन्ही एकमेकांशी थेट बोलत होते, त्याचा मात्र 'युनिव्हर्सल' पद्धतीने जोडावा लागला. या पद्धतीत आपल्या हेडसेटला समोरचा हेडसेट म्हणजे एक फोनच वाटतो, त्यामुळे तो फोनची एक जागा अडवतो. माझ्या हेडसेटमध्ये दुसऱ्या फोनसाठी जागा होती, तेथे त्याला बसवले. घरूनच हे करून निघावे, कारण निपाणीच्या फाट्यावर उन्हात उभे राहून हे करायला आम्हाला चाळीस मिनिटे लागली.

आजऱ्याच्या बाजारातून जाताना मी बाहेरचे स्पीकर बंद केले. गावातून आपली गाणी इतरांना ऐकवत जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. पण हेल्मेटमधले गाणे चालूच राहिले. आंबोलीच्या अलीकडच्या एका वळणावर धुक्यातून एसटी समोर आली. चालकाने हॉर्न दिला होता असे पत्नी आणि भाचा दोघेही सांगतात. मला तो ऐकू आला नाही. माझी गाडी माझ्याच बाजूला होती, धक्का लागला नाही, पण पुढच्या थांब्यावर उतरल्यावर माझे हात थरथरत होते. त्या क्षणापासून घाटात संगीत पूर्ण बंद, केवळ इंटरकॉम, म्हणजे हेडसेटवरचे आपसातले बोलणे, आणि वळणाची सूचना, हा नियम आम्ही केला. "मामा, मागे ट्रक आहे, आत्ता नको," हे भाच्याचे वाक्य दाणोलीला उतरेपर्यंत मला तीनदा स्पष्ट ऐकू आले आणि त्या वेळी त्याहून मोलाचे दुसरे काही ऐकण्यासारखे नव्हते.

घाटात पावसाची सर आली. माइकवरची फोमची टोपी भिजली की बोलणे घोगरे होते, म्हणून एक जादा टोपी जवळ ठेवावी, आणि माइकची खूण केलेली बाजू ओठांकडेच आहे हे दर थांब्यावर पाहावे. चार्जिंगच्या छिद्रावरची रबरी चकती नीट दाबलेली असावी. ओल असताना चार्जर लावू नये. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत संध्याकाळी पणजीला पोचल्यावर मी दोन्ही हेडसेट पुसून तासभर पंख्याखाली ठेवले आणि मगच चार्जिंगला लावले. सगळ्या सेटिंगचे आकडे एका कागदावर लिहून तो टाकीवरच्या बॅगेच्या पारदर्शक खिशात ठेवला आहे, आणि परतीच्या प्रवासात त्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही.