कंबर तीन सेंटिमीटर वर

माझ्याकडे नवऱ्यामुली गाऊनचे फोटो घेऊन येतात. ही मात्र तक्ता घेऊन आली होती. शरीराचे ठरावीक आकार, प्रत्येकाला फळाचं नाव आणि समोर शोभणारा गाऊन. 'पेअर', म्हणजे कमरेखाली रुंद आकार, त्याभोवती तिने पेनाने गोल केला होता आणि पुढे 'फक्त ए-लाइन' लिहिलं होतं, म्हणजे कमरेपासून खाली हळूहळू पसरत जाणारा गाऊन.

सोबत आई आणि मोठी बहीण. आईला भरपूर घेराचा बॉलगाऊन हवा होता, "म्हणजे खालचं सगळं झाकलं जाईल." बहीण तक्त्याच्या बाजूची. आणि नवरीला स्वतःला? बराच वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, मला फिशटेल आवडतो. पण माझ्यावर काय तो दिसणार!"

फिशटेल म्हणजे गुडघ्यापर्यंत अंगालगत आणि तिथून माशाच्या शेपटीसारखा पसरणारा. म्हटलं, घालून तर बघ.

नमुन्याचा स्ट्रॅपलेस फिशटेल चढवला आणि तिघींचे चेहरे पडले. पोटावर आडव्या वळ्या, पाठीत फुगा, आणि मुलगी दर मिनिटाला दोन्ही हातांनी गळा वर ओढतेय. आई म्हणाली, "बघ, सांगत होते ना." बिचारीने आरशाकडे पाठच केली.

मला मात्र त्या वळ्या बघण्यासारख्या वाटल्या. जाडीमुळे कापड ताणलं जातं तेव्हा रेघा शिवणीकडून बाहेर खेचल्यासारख्या दिसतात. इथे कापड ताणलेलं नव्हतंच, उलट जास्तीचं होतं आणि कमरेवर गोळा होऊन बसलं होतं. मी तिच्या पोटाभोवती एक अरुंद इलॅस्टिक बांधलं आणि तिला डावी-उजवीकडे वाकायला सांगितलं. असं वाकलं की इलॅस्टिक सरकत सरकत खऱ्या कमरेवर जाऊन थांबतं. गाऊनची कंबर त्याच्या तीन सेंटिमीटर खाली होती. गाऊनचा सगळ्यात अरुंद भाग तिच्या रुंद होत जाणाऱ्या नितंबांवर अडकत होता, तिथून वर सरकत होता आणि वरचं कापड दुमडत होतं. तिचं धड आखूड आहे, एवढीच गोष्ट. ते कुठल्याच फळात बसत नाही.

कमरेवर आडवी चूण घेतली, सभोवार टाचण्या लावल्या. वळ्या गेल्या. मग आतून ग्रोसग्रेनची, म्हणजे जाड, न ताणणाऱ्या रिबिनीची पट्टी तिच्या कमरेला घट्ट बांधली आणि गाऊन तिला टाचला. स्ट्रॅपलेस गाऊन छातीवर टिकतो असा सर्वांचा समज असतो. खरं तर त्याचं वजन कमरेवर तोलायचं असतं आणि ते काम ही पट्टी करते. नमुन्यात ती नव्हती, म्हणून घेराच्या वजनाने चोळी खाली येत होती. आता मुलीचे हात आपोआप खाली आले. आईचं लक्ष सगळ्यात आधी त्या हातांकडे गेलं.

पुढचं तसं सोपं होतं. तिला खुर्चीवर बसवलं, जिना चढायला लावला. गुडघ्यापाशी उघडणाऱ्या फिशटेलमध्ये अर्धंच पाऊल पडतं, म्हणून घेर मांडीच्या मध्यापासून सोडायचं ठरलं. तेवढ्याने ती उंचही दिसायला लागली. बहिणीने चमकदार पातळ सॅटिन सुचवलं, उरेब, म्हणजे तिरकं कापलेलं. फॅशन डिझायनर माद्लेन व्हिओनेने 1920च्या दशकात पॅरिसमध्ये उरेब कापावर जे काम केलं त्याला तोड नाही, पण पातळ सॅटिन आतल्या कपड्याची शिवणसुद्धा चुगली करून सांगतं, सडपातळ बाईचीही. आम्ही जाडसर, बिनचमकीचं क्रेप घेतलं.

दंडांवरून थोडी घासाघीस झाली. आईला अर्ध्या बाह्या हव्या होत्या. बाही जिथे संपते तिथे नजर थांबते, आणि अर्धी बाही नेमकी दंडाच्या रुंद भागावर संपते. लावायचीच तर कोपराखाली न्यायची, असं मी म्हटलं. शेवटी पाऊण बाहीचं लेसचं वेगळं बोलेरो, म्हणजे आखूड जाकीट ठरलं. हवं तेव्हा काढता येईल.

ए-लाइनशी माझं वैर नाही. डिझायनर ख्रिश्चन दिऑरने 1955मध्ये आपल्या कपड्यांच्या संग्रहाला ते नाव दिलं, तेव्हापासून ते चालू आहे, आणि बहुतेकींना शोभतंही. म्हणूनच बाई न बघताही ते सुचवता येतं. माझा राग आहे तो या न बघण्यावर.

मांजरपाटाचा कच्चा गाऊन शिवला, त्यावर कंबर आणि मुंडे पक्के केले, मगच क्रेपला कात्री लावली. शेवटच्या ट्रायलला तिला लग्नातलेच बूट घालून यायला बजावलं होतं, कारण टाच ठरल्याशिवाय मी खालची दुमड घालत नाही. पाठीमागून फोटो काढून तिला दाखवला. विधी चालू असताना पाहुण्यांना बराच वेळ पाठच दिसते आणि नवरीने ती कधी पाहिलेली नसते. तिने फोटो मोठा करून करून पाहिला. "ही मी?" असं वगैरे काही म्हणाली नाही. म्हणाली, "बोलेरो राहू द्या, पण मी घालेनच असं नाही." आई गप्प.

निघताना बहीण दारातून परत फिरली. "ताई, ते इलॅस्टिक माझ्याही कमरेला लावता का? मला कुठलाच ड्रेस नीट बसत नाही."

लावलं. तिची कंबर खाली निघाली.