पहिल्या पानावरचा 'च'

२२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पहिलं पान माझ्याकडे होतं. विधानसभेचा निकाल लागून महिना होत आला होता. टेबलाच्या काचेखाली सरकवलेला आकड्यांचा कागद एव्हाना पाठ झाला होता: भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४, बहुमताला १४५. खरं तर युतीच्या मिळून १६१ जागा होत्या, मतदारांनी काही गुंता करून ठेवला नव्हता. पण मुख्यमंत्रिपदाच्या अडीच-अडीच वर्षांवरून युती फाटली, राज्यपालांनी एकेका पक्षाला विचारून पाहिलं आणि १२ तारखेला राष्ट्रपती राजवट लागली. तेव्हापासून आम्ही रोज रात्री 'उद्या ठरणार' छापत होतो आणि ठरत काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी वरळीच्या नेहरू सेंटरमधल्या बैठकीतून शरद पवार बाहेर आले आणि उद्धव ठाकरे यांच्या नावावर सहमती आहे, असं त्यांनी सांगितलं. बाकीच्या मुद्द्यांवर दुसऱ्या दिवशीही चर्चा व्हायची होती. मुंबईहून आलेल्या बातमीत हे दोन्ही नीट होतं. मथळा मी दिला. आठ कॉलमांत 'उद्धव ठाकरे मुख्यमंत्री' बसवलं, तर उजवीकडे थोडी जागा उरत होती. मी 'च' घातला. 'उद्धव ठाकरेच मुख्यमंत्री'. ओळ चपखल बसली. मुख्य उपसंपादकांनी प्रूफ पाहिलं, मान डोलावली, पान सुटलं.

सकाळी बाबांच्या फोनने जाग आली. निवृत्त शिक्षक आहेत ते, गावी असतात. मी लावलेलं पान चष्मा पुसून वाचतात.

"अगं, पेपरात उद्धव आणि टीव्हीवर फडणवीस शपथ घेताहेत. जुनं दाखवताहेत का?"

"जुनंच असेल, बाबा," मी झोपेतच म्हणाले.

"शेजारी अजित पवार आहेत गं."

मी उठून बसले. राजभवनातलं ते चित्र सगळ्या वाहिन्यांवर फिरत होतं. पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठवली गेली होती. त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकही झाली नव्हती. नियमात पंतप्रधानांना असलेला विशेष अधिकार वापरला होता. माझं पान तोवर छापून, गठ्ठे बांधून, गाड्यांतून गावोगाव पोहोचलं होतं.

दुपारी ऑफिसला जाताना कोपऱ्यावरच्या स्टॉलवर थांबले. सगळीच वर्तमानपत्रं तिथे टांगलेली होती, आणि त्या दिवशी बहुतेकांची गत आमच्यासारखीच होती. स्टॉलवाले काका म्हणाले, "ताई, लोक वरचं मोठं अक्षर वाचतात आणि माझ्याकडं बघतात. मी काय सांगू?"

ऑफिसात जो तो समजूत घालत होता. रात्री जे होतं तेच आपण छापलं, पहाटेचं कुणाला स्वप्न पडणार होतं? मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. रात्री जे होतं ते 'सहमती' होतं. ना राज्यपालांना पत्र गेलं होतं, ना शपथेचा दिवस ठरला होता. त्रिशंकू सभागृहात सभागृहाबाहेरचं कुठलंच बोलणं पक्कं नसतं, हे महिनाभर रोज त्याच बातम्या हाताळणाऱ्या मला कळायला हवं होतं. बातमीदाराने तोलून लिहिलेल्या वाक्याचं वजन मी एका अक्षराने बदललं होतं, तेही जागा भरायला.

पुढचे दिवस पळतच गेले. सोमवारी मुंबईतल्या हॉटेलात तीन पक्षांनी १६२ आमदार उभे केले. मंगळवारी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत, खुल्या मतदानाने बहुमत सिद्ध करायला सांगितलं. त्याच दुपारी आधी अजित पवारांनी आणि मग फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ ला शिवाजी पार्कवर ठाकरेंचा शपथविधी झाला. तेव्हा 'ठाकरेच' बरोबर ठरलं ना, असं कुणीतरी म्हणालं. मी काही बोलले नाही.

३० तारखेला, शनिवारी, विश्वासदर्शक ठराव होता आणि पहिलं पान पुन्हा माझ्याकडे आलं. शिरगणतीचा आकडा मी बातमीदाराला फोन करून दोनदा विचारला. बाजूने १६९, तटस्थ ४, विरोधात शून्य. भाजपने सभात्याग केलेला. मथळा दिला: 'ठाकरे सरकारच्या बाजूने १६९'. खाली लहान ओळीत तटस्थ आणि सभात्याग.

पान लावणारा मुलगा म्हणाला, "ताई, उजवीकडे जागा राहतेय. काही घालू का?"

"राहू दे," मी म्हणाले.