तीन नावांची आगबोट आणि पाच आठवडे अडलेली तक्रार

अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला फोर्थ स्ट्रीटच्या धक्क्यावर 'बेल ऑफ लुईव्हिल' उभी असते. मागे मोठं चाक असलेली आगबोट, 1914 साली पिट्सबर्गला बांधलेली. आधी ती 'आयडलवाइल्ड' होती, 1948 पासून 'ॲव्हलॉन' आणि 1962 साली लिलावात 34,000 डॉलरला विकली गेल्यावर 'बेल'. माझी आजी रत्नागिरीहून आगबोटीने मुंबईला जायची. तिचा तो शब्द मला ओहायो नदीकाठी पुन्हा भेटला, आणि तिन्ही नावांची जुनी पोस्टकार्डं जमवायचं मी ठरवलं.

'बेल'ची कार्डं हवी तेवढी मिळतात, 'ॲव्हलॉन'चंही मिळालं. अडलं 'आयडलवाइल्ड'पाशी.

'अस्सल फोटो-कार्ड, 1915 च्या सुमाराचं' असं वर्णन वाचून ऑनलाइन 48 डॉलर भरले. पाकीट आलं, भिंग लावलं, तर धुराड्यातून निघणारा धूर सगळा ठिपक्याठिपक्यांचा! खऱ्या फोटोत करडा रंग सलग विरत जातो. ठिपके छापखान्याचे असतात.

तक्रारीच्या अर्जात 'वर्णनाशी जुळत नाही' निवडलं. उत्तर आलं, पुरावा जोडा. भिंगातून फोटो काढून जोडला. नऊ दिवसांनी कळवलं, फोटो अस्पष्ट आहे. दुसरा पाठवला. आता दुसऱ्याच माणसाने पहिल्यापासून सगळं विचारलं आणि तज्ज्ञाचं पत्र मागितलं. 48 डॉलरच्या कार्डासाठी तज्ज्ञ कुठून आणायचा? त्यातच एका सकाळी पाहिलं तर 'प्रतिसाद न आल्याने तक्रार बंद'. पत्र मागितलं त्याच रात्री मी उत्तर दिलं होतं, तारखेसकट माझ्याकडे होतं. ते दाखवून तक्रार पुन्हा उघडायला आणखी आठवडा गेला. अजूनही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी पोस्टकार्डांच्या प्रदर्शनातले एक म्हातारे विक्रेते मदतीला आले. त्यांनी माझं कार्ड आणि त्यांच्याकडचं एक जुनं कार्ड शेजारी ठेवून टेबलाखालच्या अंधारात अतिनील टॉर्च मारला. जुनं कार्ड मंदच राहिलं, माझं निळसर पांढरं लखलखलं. कागद उजळ दिसावा म्हणून घालतात ती रसायनं साधारण 1950 च्या आसपास आली, 1915 च्या कागदात ती असूच शकत नाहीत. त्यांनी पावतीपुस्तकावर तेवढ्या दोन ओळी लिहून सही केली. टॉर्चखालचा फोटो आणि ती पावती जोडली. चौथ्या दिवशी पैसे परत. म्हणून सांगते, टॉर्च आधी घ्या, कार्ड नंतर.

आणि पैसे भरण्याआधी मागच्या बाजूचा फोटो मागाच, हे खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. तिकिटाच्या चौकटीत 'अझो' (फोटोच्या कागदाचं एक जुनं नाव) लिहिलेलं असेल तर कोपऱ्यातले त्रिकोण बघा. चारही वर तोंड करून असतील तर कागद 1904 ते 1918 मधला, दोन वर दोन खाली असतील तर 1918 ते 1930 मधला. मागे मजकूर आणि पत्ता यांच्यामध्ये उभी रेघ असेल तर अमेरिकन कार्ड सहसा मार्च 1907 नंतरचं.

'आयडलवाइल्ड' मला त्याच विक्रेत्यांच्या पत्र्याच्या डब्यात मिळाली, 22 डॉलरला. त्रिकोण दोन वर, दोन खाली. धुरात एकही ठिपका नाही. मागे पेन्सिलीने कुणीतरी लिहिलंय, उकाडा फार आहे, नदी उतरली आहे. कार्ड टपालात पडलंच नाही, म्हणून चौकटीवर अजून तिकीट नाही.