मोडीत न गेलेला चमचा

जुने भांडे मोडीत द्यायचे, वर थोडे पैसे घालून नवे आणायचे, हा व्यवहार मध्ययुगीन इंग्लंडमध्येही आपल्या तांबट आळीइतकाच रुळलेला होता. म्हणून तर तिथल्या जेवणाच्या टेबलावरची प्यूटरची भांडी आज अख्खी फारशी सापडत नाहीत. प्यूटर म्हणजे कथलाचा मिश्रधातू. 1348 मध्ये लंडनच्या प्यूटरकारांनी आपले नियम लिहून घेतले: उंची मालात कथलाबरोबर तांबे, हलक्या मालात शिसे. कथील 232 अंशांनाच वितळते. त्यामुळे सुऱ्यांच्या ओरखड्यांनी जुनाट झालेले ताट वजनावर परत घेऊन त्याचे नवे ओतणे कारागिराला जड नव्हते. चुलीजवळ विसरलेले ताट मात्र आपणहूनच लोळागोळा होई.

ताटे मोडीत गेली. राहिले ते हरवलेले. आणि हरवण्यात चमच्याचा हात कोण धरणार? खरकट्यातून उकिरड्यावर, उकिरड्यातून खताच्या गाडीने शेतात. आज मेटल डिटेक्टर घेऊन नांगरटीत हिंडणाऱ्या हौशी मंडळींना तो गावापासून लांब सापडतो, तो बहुधा याच वाटेने आलेला. काटा त्या पंगतीत नव्हताच. सुरी ज्याने त्याने कमरेला लावून आणायची, आणि तिचे लोखंडी पाते मातीत गंजून जाते.

अख्खा चमचा मिळणे नशिबाची गोष्ट. दांडा आणि वाटी जिथे जुळतात तिथेच तो मोडतो. वाटी पातळ, नांगराखाली चपटी होते; सुटा दांडा पाहून लोक त्याला खिळा म्हणून फेकून देतात. फेकण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. दांडा बारीक आणि सहापैलू किंवा पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा आहे का? टोकाला ओकचे बोंड, हिऱ्यासारखा पैलू किंवा बाईचे मुंडके आहे का? वाटी सापडली तर ती अंजिरासारखी असते, टोकाकडे रुंद आणि दांड्याकडे निमुळती. आजच्या चमच्याच्या बरोबर उलट. आत, दांड्याच्या जवळ, कारागिराचा ठसा दिसू शकतो. पितळेसारख्या पिवळ्या धातूच्या चमच्यावर खाचाखोचांत राखाडी-पांढरी झाक उरली असेल, तर ती कथलाची. कल्हईच म्हणायची, आणि कारणही तेच: आंबट पदार्थ कळकू नये.

थेम्सच्या काठचा चिखल या बाबतीत शेतापेक्षा दयाळू. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून प्यूटर चांगले टिकते. मात्र तिथे शोधायला परवाना लागतो. ताटे बघायची तर बुडालेले जहाज हवे. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’वर प्यूटरची ताटे मिळाली आणि काहींवर ‘जीसी’ अक्षरे, म्हणजे जहाजाबरोबर गेलेले व्हाइस अ‍ॅडमिरल जॉर्ज केर्‍यू. काळ मध्ययुगानंतरचा, पण भांड्यावर नाव घालायची हौस आपल्या ओळखीची.

कायद्याचे गणित चांदीभोवती फिरते. इंग्लंड-वेल्समध्ये 1996 च्या कायद्याने 300 वर्षांहून जुनी आणि किमान 10 टक्के सोने-चांदी असलेली वस्तू 14 दिवसांत कळवावी लागते. चांदीचा चमचा त्यात येतो, प्यूटरचा सहसा नाही. तरी 1997 पासून अशा साध्या वस्तूंचीही स्वेच्छेने नोंद करण्याची सोय आहे. नोंदीत जागा नेमकी द्यावी. नकाशावरची जागा सांगणारा दहा आकडी ग्रिड संदर्भ एका मीटरपर्यंत पोचवतो. ‘वरच्या शेतात’ एवढेच लिहिलेला दांडा अभ्यासकाच्या फारसा कामाचा राहत नाही.

घरी आणल्यावर खरा घात होतो. चिंच, लिंबू, तारेची घासणी, सगळे बाद. काळपट थराखाली चकचकीत चमचा असेलच असे नाही. पुष्कळदा तो थरच वस्तूचा आकार धरून असतो. मऊ ब्रश, साधे पाणी, सावकाश वाळवणे, तेही धातू भक्कम असेल तरच. पिवळ्या धातूवर फिकट हिरवी भुकटी धरली, तर क्षारांचा रोग लागला समजावे आणि दमटपणा तोडावा. शिसेमिश्रित प्यूटरला ओकच्या लाकडाचा सुंदर खण सर्वांत वाईट: त्या लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने शिशावर पांढरी पूड चढते. त्यापेक्षा स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत सिलिका जेलची पुडी आणि बाहेर जागेची चिठ्ठी.